नाक मोकळं झालं, पुढे काय?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय जरा शेंबडा आहे, तेव्हा जेवता जेवता वाचणाऱ्यांनी आधी जेवून घ्यावं!

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय झालेली नाही) साखर कारखान्यांना तोटा नाही. गळीत हंगाम सुरू झाला आणि वारा फिरला की गावभर मळीचा वास पसरतो. तो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही ते सुखी आहेत. २०२२ च्या डिसेंबरातली एक संध्याकाळ. घरातल्या सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावून खिडक्या लोटून घेतल्या. मी मात्र माझ्या खोलीची खिडकी सताड उघडून उभी राहिले. सूनबाई धावत आली. "आई, अहो वास येतोय केवढा!" मी म्हटलं, "हो गं, येतोय!" आणि मला रडूच फुटलं.

दहा वर्षांनी मला आलेला तो पहिला वास होता. पारिजातकाचा नाही, पहिल्या पावसाचा नाही, मळीचा! पण मी तो पोटभर घेतला.

सायनसचं ऑपरेशन होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. आज त्याला तीन वर्षं उलटून गेली. या तीन वर्षांत नातेवाइकांपैकी आणि ओळखीच्यांपैकी निदान दहा-बारा जणांनी मला विचारलं, "काय हो, करावं का ऑपरेशन? गुण येतो का?" प्रत्येकाला मी वेगवेगळं काहीतरी सांगितलं असणार, कारण माझंच मत तीनदा बदललं. आता ते बऱ्यापैकी स्थिर झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी थोडं दुखण्याविषयी. मला सर्दी कधी लागली ते सांगता येईल, पण तिनं मुक्काम कधी ठोकला ते सांगता येणार नाही. साधारण १९९८-९९ पासून असेल. वर्गात मराठी शिकवताना दर दोन वाक्यांनंतर नाक ओढायची सवय लागली. मुलांनी माझं नाव 'सूंसूं बाई' ठेवलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि मुलांना मला ठाऊक असल्याचं ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. कवितेचं पान वाचायचं तर आवाज गेंगाणा निघायचा. डोळ्यांच्या खाली आणि कपाळात कुणी ओलं पोतं भरून ठेवल्यासारखं जड व्हायचं. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घशाला कोरड, डोकं जड, उठतानाच दमलेली.

उपाय काय कमी केले? ओव्याची धुरी झाली, वेखंडाचा लेप झाला, नाकात तूप सोडून झालं, वाफारे घेऊन चेहरा लाल झाला. दर हिवाळ्यात अँटिबायोटिकचा एक कोर्स. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "सर्दीच तर आहे! सर्दीनं कुणी मरतं का?"

खरंच आहे, सर्दीनं कुणी मरत नाही. म्हणूनच तिची दखल कुणी घेत नाही. मी स्वतःही घेतली नाही. २०१२ च्या सुमारास वास येणं बंद झालं. एकदम नाही; आधी मंद वास गेले, मग तीव्र गेले, आणि एके दिवशी लक्षात आलं की उदबत्ती लावली काय आणि नाही लावली काय, सारखंच. चवही त्याच्याबरोबर गेली. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळायचं. पण आमटी कशाची आहे ते ताटात बघून ओळखावं लागायचं. माझ्या हातच्या फोडणीचं ज्या घरात कौतुक व्हायचं त्याच घरात लसूण करपला तरी मला पत्ता नसायचा. मुलं काही बोलायची नाहीत, पण ताटात भाजी तशीच राहायची.

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली तेव्हा आशाताई दारात आल्या. ताप आहे का, खोकला आहे का, वास-चव गेली आहे का? मी म्हटलं, "वास गेलाय." त्या दोन पावलं मागे सरकल्या. "कधीपासून?" "आठ वर्षं झाली!" त्या हसल्या, मीही हसले. पण दार लावून आत आल्यावर वाटलं, आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणीतरी विचारायला एक जागतिक साथ यावी लागली!

आणि मग ती दुपार. २०२२ च्या जानेवारीतली. दूध उतू गेलं, गॅसची ज्योत विझली, बटण चालूच. मी शेजारी उभी राहून मेथी निवडत होते. आपल्या घरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडक्या वासाचं रसायन मिसळलेलं असतं. ज्याला वासच येत नाही त्याला त्या शहाणपणाचा काय उपयोग? नातू शाळेतून आला, दारातूनच ओरडला आणि धावत जाऊन त्यानं बटण बंद केलं. देवाची कृपा, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून सूनबाईनं मला स्वयंपाकघरात एकटी सोडलं नाही. ती एका शब्दानं बोलली नाही, आणि तिचं चूक होतं असंही नाही. तरी पन्नास वर्षं ज्या ओट्यापाशी उभी राहिले तिथे मी पाहुणी झाले. ते मला वास जाण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मात्र नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. सिटी स्कॅन झाला. नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार मागे, अशा चार जोड्या. स्कॅनच्या चित्रात हवा काळी दिसते. माझ्या चित्रात काळं फारसं नव्हतंच, सगळं राखाडी! पोकळ्या भरलेल्या, आणि नाकात दोन्ही बाजूंनी मांस वाढलेलं. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. मांस म्हणायचं, पण ते खरं मांस नसतं. सततच्या सुजेनं आतलं अस्तर फुगून द्राक्षांच्या मण्यांसारखं लोंबायला लागतं. बारा आठवड्यांच्या वर टिकलेल्या या सुजेला जुनाट सायनसचा आजार म्हणतात. माझे बारा आठवडे कधीच संपले होते. दोन-तीन महिने औषधं आणि फवारे वापरून पाहिले, पुरेसा फरक पडला नाही, आणि मग एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नोव्हेंबर २०२२ मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

या दुर्बिणीची गोष्ट मला फार आवडली, म्हणून थोडी सांगते. पूर्वी गालातल्या पोकळीचं ऑपरेशन करायचं तर वरच्या ओठाच्या आतून, दातांच्या वर छेद घेऊन हाड फोडत. १८९० च्या दशकात अमेरिकेत काल्डवेल आणि पॅरिसमध्ये ल्यूक या दोघांनी वेगवेगळी शोधलेली ती पद्धत. मग हेरॉल्ड हॉपकिन्स नावाच्या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं काचेच्या कांड्या जोडून बारीक, स्वच्छ दिसणारी दुर्बीण तयार केली. याच हॉपकिन्सबरोबर काम करून पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी काचेच्या धाग्यांतून चित्र नेऊन दाखवलं होतं. तो निबंध १९५४ चा. आजही नाकात उजेड जातो तो अशा धाग्यांच्या जुडीतूनच. आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नुसतं बघितलं, की शेंबूड वाहतो कुठून आणि जातो कुठे. त्यांना दिसलं की प्रत्येक पोकळीतला शेंबूड आपल्या ठरलेल्या तोंडाकडेच सरकतो. दुसरीकडे भोक पाडून दिलं तरी तो जुनी वाट सोडत नाही. म्हणून ती मूळची तोंडंच मोकळी करायची, हा आजच्या ऑपरेशनचा पाया.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यातून येतं, कालव्यातून चारीत आणि चारीतून वावरात. चारीचं तोंड गाळानं बुजलं तर धरण भरलेलं असून काय उपयोग? वावराच्या दुसऱ्या कडेला खड्डा खणून पाणी येत नाही. तोंडच उकरावं लागतं. हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

ऑपरेशन भूल देऊन झालं, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी नाकातले बोळे काढले, तो क्षण मात्र विसरण्यासारखा नाही आणि वर्णन करण्यासारखाही नाही. पंधरा दिवस खपल्या, थोडं रक्त, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. आठव्या दिवशी तपासायला गेले. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, समोरच्या पडद्यावर मलाही दाखवलं आणि म्हणाले, "एकदम क्लिअर! ऑपरेशन सक्सेसफुल. आता मोकळ्या झालात, विसरून जा."

मी घरी आले. वास येत नव्हता. झोप धड नव्हती. पण पडद्यावर नाक 'क्लिअर' होतं, म्हणजे मी बरी झाले असणार! इतकी वर्षं मुलांना मार्क दिले, आता माझा निकाल दुसऱ्यानं लावला तर मान्य करायला नको का?

पुढे पाचव्या आठवड्यात तो मळीचा वास आला, आणि मग एकेक करून बाकीचे आले. तव्यावर टम्म फुगलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास आला तेव्हा मी घास हातात धरून बसून राहिले. आमचे हे म्हणाले, "अगं खा, निवते आहे!" रात्रभर झोप लागायला लागली. माझं घोरणं थांबल्यामुळे ह्यांनाही लागायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटले: ऑपरेशन करा, डोळे झाकून करा! हे माझं पहिलं मत.

दुसरं मत २०२४ च्या पावसाळ्यात तयार झालं. एक साधी सर्दी झाली आणि उतरेचना. डोकं जड, झोप गेली आणि ऑगस्टपर्यंत वास पुन्हा नाहीसा झाला. आता सगळे म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं, नाकाचं ऑपरेशन करू नये, परत होतंच!" मलाही ते पटलं. पैसे गेले, बोळ्यांचा त्रास झाला आणि पुन्हा जिथल्या तिथे. मी दोघा-तिघांना मनाई केली. त्यांतल्या एकीनं ठरलेली तारीख रद्द केली, याचं मला आज वाईट वाटतं.

तिसरं मत व्हायला माझी एक जुनी विद्यार्थिनी कारण झाली. ती आता नाक-कान-घशाची डॉक्टर आहे. दिवाळीत भेटायला आली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "बाई, पाण्यानं नाक धुता का? फवारा चालू आहे का?" मी म्हटलं, "मला विसरून जा म्हणून सांगितलं होतं, मी विसरले." तिनं कपाळावर हात मारला. मग पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाली, "आज तुम्ही परीक्षा द्यायची."

त्या कागदावर बावीस प्रश्न होते. जगभर डॉक्टर सायनसच्या रुग्णाला हे प्रश्न विचारतात म्हणे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच मार्क, एकूण ११० पैकी. इथे कमी मार्क मिळवणारा हुशार! कागद इंग्रजीत होता. ती अर्थ सांगत गेली आणि आम्ही दोघींनी मिळून मराठी शब्द बसवले. नाक शिंकरावं लागतं का, शिंका येतात का, घशात मागून शेंबूड उतरतो का, कानात दडे बसतात का. हे मला अपेक्षितच होतं. पण पुढचे ऐका. झोप लागायला वेळ लागतो का? रात्री जाग येते का? उठल्यावर दमल्यासारखं वाटतं का? कामाचा उरक कमी झाला आहे का? लक्ष लागत नाही का? चिडचिड होते का? उदास वाटतं का? आणि एक प्रश्न होता, त्याला शब्द सापडेना. लाज म्हणावी तर जास्त होतं, संकोच म्हणावा तर कमी. शेवटी मी म्हटलं, "ओशाळल्यासारखं." आणि त्या शब्दाला मी पाचपैकी पाच मार्क लिहिले. सूंसूं बाई, दुसरं काय लिहिणार?

बावीसपैकी निम्म्याच्या आसपास प्रश्न नाकाचे नव्हतेच, जगण्याचे होते. पंचवीस वर्षांत मला त्यांतला एकही कुणी विचारला नव्हता. मी तर माझी चिडचिड हा माझा स्वभाव आणि माझी उदासी हे माझं वय समजून चालले होते.

त्या दिवशी मला ४७ मार्क पडले. ऑपरेशनच्या आधीचे दिवस आठवून लिहिले तर ६० च्या वर जात होते, पण आठवणीतले मार्क फार खरे धरू नयेत असं तिनंच सांगितलं. मग तिनं नेमून दिलेलं सुरू केलं: रोज दोन वेळा मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, त्यानंतर फवारा, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. सहा महिन्यांनी २४ मार्क. परवा पुन्हा मोजले, २६. शून्य नाही आणि होणारही नाही. वास पूर्वीच्या निम्मा असेल. पण भाकरीचा येतो, मोगऱ्याचा येतो, आणि मळीचा तर हमखास येतो.

तिनं सांगितलेल्या दोन गोष्टी इथे नोंदवते. १९९५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी सायनसच्या जुनाट रुग्णांना रोजच्या जगण्याविषयी प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं इतर आजारांच्या रुग्णांशी ताडून पाहिली. अंगदुखी आणि चारचौघांतला वावर या दोन बाबतींत हे 'सर्दीवाले' हृदय कमजोर झालेल्या रुग्णांपेक्षाही खाली निघाले. सर्दीच तर आहे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथे २०००-०१ मध्ये सायनसचं ऑपरेशन झालेल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांना याच बावीस प्रश्नांवर मोजलं. ऑपरेशनपूर्वी सरासरी मार्क ४२ च्या आसपास, तीन महिन्यांनी २५ च्या आसपास आणि पाच वर्षांनी २८ च्या आसपास. याच पाच वर्षांत पाचांतल्या साधारण एकाला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

आता 'परत होतंच' या म्हणण्याकडे या आकड्यांवरून बघा. पाचांतल्या एकाला पुन्हा करावं लागलं, म्हणजे म्हणणारे अगदीच खोटे नाहीत. पण उरलेल्या चौघांचं काय? आणि सरासरी पाच वर्षांनीही खालीच राहिली, त्याचं काय? बाजूच्या घरातल्या एकाचं परत झालं ते गावभर सांगितलं जातं, ज्यांची झोप परत आली ते मुकाट झोपतात. त्यांची बातमी होत नाही.

माझं मत असं आहे. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे दुर्बिणीला आणि स्कॅनला विचारून भागत नाही, माणसाला विचारावं लागतं. आणि आठव्या दिवशी एकदाच विचारून चालत नाही, वर्षानुवर्षं विचारावं लागतं. स्कॅन फार वाईट आणि माणूस मजेत, किंवा स्कॅन बरा आणि माणूस हैराण, असं या दुखण्यात पुष्कळदा दिसतं असं माझी विद्यार्थिनी सांगते. मग निकाल कुणाचा खरा? डॉक्टरांचा हात कसबी होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांनी नाक मोकळं केलं. पण 'विसरून जा' हे शब्द चुकीचे होते. मी ते ऐकले, ही माझीही चूक.

कारण चारीचं तोंड उकरलं म्हणजे गाळ यायचा थांबत नाही. सूज आणणारा आजार अंगात असतोच; दमा, ॲलर्जी असली तर जास्तच. ऑपरेशनचा मोठा फायदा हा की आता वाट मोकळी असल्यामुळे मिठाचं पाणी आणि औषध आत पोचतं, जे आधी दारातूनच परत फिरत होतं. म्हणजे ऑपरेशननंतर औषध संपत नाही, खऱ्या अर्थानं लागू पडायला लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक अख्खं वर्ष वाचलं असतं. साखरेच्या किंवा ब्लडप्रेशरच्या रोजच्या गोळीला आपण 'परत झालं' म्हणत नाही. चष्मा रोज लावतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना नावं ठेवत नाही. नाकाकडूनच का ही अपेक्षा, की एकदा कापलं की जन्माची निश्चिंती?

'एका ऑपरेशनमध्ये सायनसपासून कायमची मुक्ती' अशा पाट्या वाचल्या की म्हणूनच माझा जीव खाली-वर होतो. आणि दुसऱ्या टोकाची भीतीही तितकीच आहे. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं जो हाहाकार केला, त्यात कित्येकांचे सायनस साफ करावे लागले, काहींचे डोळे गेले, जीव गेले. तेव्हापासून 'सायनसचं ऑपरेशन' म्हटलं की माणसं दचकतात. तो आजार वेगळा, तातडीचा. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांचा मारा झालेल्या रुग्णांना गाठणारा. आपली जुनाट सर्दी म्हणजे ते नव्हे. या ऑपरेशनलाही धोके आहेत, डोळा आणि मेंदू शेजारीच असतात, म्हणून ते धोके डॉक्टरांना स्पष्ट विचारावेत. पण विचारण्यापूर्वीच घाबरून घरी बसू नये. तसंच ऑपरेशन हा पहिला उपाय नव्हे. आधी धुणं आणि फवारा नेटानं करून पाहावा, मगच तिकडे वळावं.

फवाऱ्यात स्टेरॉइड असतं म्हणून बरेच जण तो फेकून देतात. मीही त्यांतलीच. पण तो नाकातच काम करतो, रक्तात फार थोडा जातो असं मला समजावून सांगितल्यावर मी वापरायला लागले. नाक धुण्याला आपण जलनेती म्हणतो, ती आपल्याला काही नवी नाही. फक्त पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं, विहिरीचं नको. गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन माणूस दगावतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा आजाराच्या बातम्या येत होत्या. क्वचित घडतं, पण पाणी उकळायला काय जातं?

एक कबुली देऊन थांबते. १९९० च्या आसपास माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. सदा तोंड उघडं, नाक वाहतं, तिसऱ्या तासाला पेंगायचा. मी त्याला किती वेळा सगळ्यांसमोर उभं करून "जा, आधी नाक पुसून ये" म्हटलं असेल! लक्ष नाही म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. बावीस प्रश्नांचा तो कागद भरताना मला तो मुलगा आठवला. झोप नाही, लक्ष लागत नाही, ओशाळल्यासारखं वाटतं. त्याला काय झालं होतं हे मला आज सांगता येणार नाही, पण त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि नंतर पंचवीस वर्षं मलाही कुणी विचारलं नाही. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

तेव्हा ज्यांनी मला विचारलं त्या सगळ्यांना माझं उत्तर: औषधांनी भागत नसेल तर करा ऑपरेशन. पण आधी आपले मार्क लिहून ठेवा. झोपेचे, वासाचे, चिडचिडीचे, सगळे. नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. आणि डॉक्टरांना विचारा, "ऑपरेशननंतर रोज काय करायचं?" या प्रश्नाला ज्यांच्याकडे नीट उत्तर असेल त्यांच्याकडूनच करून घ्या. तारीख रद्द केलेल्या बाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी नवीन तारीख घेतली आहे.

आमच्या स्वयंपाकघरात आता गॅस गळला की कर्कश ओरडणारं एक यंत्र लावलं आहे, कारण माझ्या नाकाचा पूर्ण भरवसा मलाही नाही. त्याच्या खाली मी एकटी उभी राहून फोडणी करते. काल सूनबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "आई, लसूण करपतोय का हो?" मी म्हटलं, "नाही गं, खमंग होतोय. अजून अर्धा मिनिट."

अर्धा मिनिटच होता.